नवे श्रवणयंत्र खरोखर अधिक उपयोगी आहे का, हे कसे तपासावे : टप्प्याटप्प्याने पद्धत

नवे श्रवणयंत्र बाजारात आले की बहुतेक दवाखान्यांत एकच क्रम दिसतो. रुग्णाने सहा-सात वर्षे वापरलेले यंत्र काढले जाते, नव्या डोमसह (कानात बसणाऱ्या मऊ टोपीसह) नवे यंत्र बसवले जाते, सॉफ्टवेअरमधले फर्स्ट फिट, म्हणजे कंपनीचे तयार फिटिंग, दाबले जाते आणि "आता कसे ऐकू येते?" असे विचारले जाते. रुग्ण "छान" म्हणतो, आणि त्या उत्तरावरून नव्या तंत्राचा उपयोग होतो असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात यंत्र, डोम, गेन (यंत्र आवाज किती वाढवते ते प्रमाण), मायक्रोफोनची स्वच्छता आणि रुग्णाची अपेक्षा या सर्व गोष्टी एकाच वेळी बदललेल्या असतात. त्यांतल्या कशामुळे ऐकण्यात फरक पडला, हे त्या "छान"मधून कळू शकत नाही.

हा लेख ऑडिओलॉजिस्ट, ऑडिओलॉजीचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि कंपन्यांकडून चाचणीसाठी यंत्रे घेणारे दवाखाने यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून डीप न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे ध्वनीच्या असंख्य नमुन्यांवर शिकवलेल्या संगणकीय प्रणालीवर, चालणारे गोंगाट-निवारण घेतले आहे, कारण सध्या सर्वांत मोठे दावे त्याच्याविषयी केले जातात. इतर तंत्रांसाठीही टप्पे हेच राहतात, मोजमाप मात्र बदलते.

टप्पा १ : दाव्याचा प्रश्न करा

"गोंगाटात बोलणे अधिक स्पष्ट" हे जाहिरातीतले वाक्य मोजता येत नाही. त्यातून मोजता येईल असा प्रश्न तयार करायचा, तर रुग्ण कोण, तुलना कशाशी, परिस्थिती कोणती, मोजमाप कोणते आणि किती फरक पडला तर तो फरक मानायचा, या पाच गोष्टी आधी लिहून काढाव्या लागतात. उदाहरणार्थ: दोन्ही कानांना मध्यम ते मध्यम-तीव्र सेन्सरीन्यूरल (आतल्या कानाचा किंवा श्रवणाच्या मज्जातंतूचा) श्रवणदोष असलेल्या आणि किमान वर्षभर यंत्र वापरत असलेल्या मराठीभाषक प्रौढांमध्ये, बंद डोम असताना, गोंगाट-निवारण चालू केल्यामुळे वाक्यांतले निम्मे शब्द ओळखण्यासाठी लागणारा एसएनआर किमान २ डेसिबलने कमी होतो का? एसएनआर म्हणजे बोलण्याची पातळी आणि गोंगाटाची पातळी यांतला फरक. तो जितका कमी पुरेल, तितके ऐकणे चांगले.

मोजमाप तंत्रानुसार निवडावे. एका मायक्रोफोनवर चालणारे जुन्या पद्धतीचे गोंगाट-निवारण ऐकणे सुखावह करते आणि ऐकण्याचा ताण कमी करू शकते, पण शब्द ओळखण्याचे प्रमाण सहसा वाढवत नाही. त्याची परीक्षा शब्दांच्या गुणांवर घेतली तर ते नापासच होणार. दिशादर्शक, म्हणजे समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेणारा, मायक्रोफोन शब्द ओळखण्यात मदत करतो, म्हणून तिथे शब्दांचेच गुण मोजावेत. वारंवारता खाली आणणाऱ्या तंत्राची चाचणी साप–शाप, साल–शाल, मासा–माशा अशा जोड्यांवर घ्यावी, कारण वरच्या पट्टीतला आवाज खाली सरकवल्यावर 'स' ऐकू तर येतो, पण तो 'श'सारखा ऐकू येण्याचा धोका असतो. फीडबॅक (यंत्राचाच आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून होणारी शिट्टी) रोखणाऱ्या तंत्रासाठी शिट्टी येईपर्यंत किती जास्तीचा गेन मिळतो हे मोजावे आणि शेजारी तानपुरा किंवा हार्मोनियमचा लांब स्वर वाजवून पाहावा. असा स्थिर स्वर म्हणजे शिट्टीच आहे असे काही यंत्रे समजतात आणि तो थरथरता किंवा दुहेरी ऐकवतात. गाणे शिकणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा दोष लहान नाही.

तपासून पाहा: मोजमाप एकच मुख्य ठरवले आहे का? दहा गोष्टी मोजून ज्या एकीत फरक दिसला तीच नंतर मुख्य ठरवली, तर ती चाचणी राहत नाही.

टप्पा २ : तुलना कशाशी, हे ठरवा

सर्वांत शुद्ध तुलना एकाच यंत्रातल्या दोन प्रोग्रॅममध्ये होते. एका प्रोग्रॅममध्ये तपासायचे तंत्र चालू असते, दुसऱ्यात बंद असते, आणि गेन, कंप्रेशन (मोठे आवाज कमी वाढवण्याची सोय), डोम वगैरे बाकी सर्व समान असते. इथे एक सापळा आहे. अनेक यंत्रांत गोंगाट-निवारण वाढवले की मायक्रोफोनची दिशाही आपोआप अरुंद होते, म्हणजे 'चालू' आणि 'बंद' यांत दोन गोष्टी बदलतात. सॉफ्टवेअरच्या प्रगत पर्यायांत जाऊन मायक्रोफोनची पद्धत दोन्ही प्रोग्रॅममध्ये हाताने एकच ठेवावी. ते शक्य नसेल तर अहवालात "गोंगाट-निवारण आणि दिशादर्शकता यांचा एकत्रित परिणाम" असे स्पष्ट लिहावे.

दुसरी तुलना जुन्या आणि नव्या मॉडेलमधली. रुग्णाचे स्वतःचे जुने यंत्र यासाठी घेऊ नये, कारण त्याचा रिसीव्हर (आवाज कानात सोडणारा छोटा स्पीकर) मळलेला असतो, मायक्रोफोनची जाळी बुजलेली असते आणि ऑडिओग्राम (श्रवणक्षमतेचा आलेख) बदलूनही फिटिंग तेच राहिलेले असते. जुन्या मॉडेलचा नवा किंवा पूर्ण तपासलेला नग घ्यावा.

तिसरी तुलना महाग आणि स्वस्त श्रेणींमधली. रॉबिन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेम्फिस विद्यापीठात केलेले आणि २०१४ व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले अभ्यास याचा नमुना म्हणून पाहावेत. महाग आणि प्राथमिक श्रेणीची यंत्रे सारख्याच काळजीने बसवून प्रत्येक प्रकार साधारण महिनाभर वापरायला दिल्यावर, रोजच्या आयुष्यातल्या उपयोगात महाग यंत्रांची लक्षणीय सरशी दिसली नाही. ही यंत्रे न्यूरल नेटवर्कच्या आधीच्या पिढीतली होती, म्हणून तो निकाल आजच्या यंत्रांना जसाच्या तसा लागू करता येत नाही. घेण्यासारखी आहे ती पद्धत.

सावधान: यंत्राविना आणि नव्या यंत्रासह अशी तुलना केल्यास श्रवणयंत्राचा उपयोग होतो एवढेच सिद्ध होते. नव्या तंत्राविषयी त्यातून काहीच कळत नाही.

टप्पा ३ : रुग्ण, संख्या आणि परवानग्या

कानातला मळ, पडद्याला छिद्र, मधल्या कानात पाणी असे काही असलेल्या रुग्णाला आधी उपचारासाठी पाठवावे. ऑडिओग्राम ताजा हवा. गोंगाटात बोलणे ओळखण्याची क्षमता यंत्राविना, पुरेशा मोठ्या आवाजात, सुरुवातीलाच मोजावी, कारण दोन रुग्णांचे ऑडिओग्राम अगदी सारखे असले तरी एकाला गोंगाटात ४ डेसिबलचा एसएनआर पुरतो आणि दुसऱ्याला १२ लागतो. नव्या तंत्राचा फायदा बहुधा दुसऱ्याला जास्त होईल, आणि दोघांची सरासरी काढली की तो फायदा दिसेनासा होईल. पहिल्यांदाच यंत्र घेणारे आणि जुने वापरकर्ते एका गटात मिसळू नयेत.

संख्या आधी काढावी. एकाच रुग्णावर दोन्ही स्थिती तपासायच्या असतील आणि दोन मोजण्यांतल्या फरकाचे प्रमाण विचलन (माणसागणिक तफावतीचे माप) २ डेसिबल असेल असे धरले, तर १ डेसिबलचा सरासरी फरक ८० टक्के खात्रीने पकडण्यासाठी सुमारे ३४ रुग्ण लागतात आणि २ डेसिबलच्या फरकासाठी सुमारे १० पुरतात. गळती धरून ३४ ऐवजी ४० घ्यावेत. मात्र १० रुग्ण शब्दचाचणीला पुरले तरी प्रश्नावलीला पुरत नाहीत, कारण प्रश्नावलीच्या गुणांत माणसागणिक फार तफावत असते.

संशोधन म्हणून काम करायचे असेल तर संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी, मराठीत लिहिलेले संमतिपत्र आणि पहिला रुग्ण घेण्यापूर्वी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात नोंद, एवढे झाल्याशिवाय सुरुवात करू नये. यंत्रे कंपनीने दिली असतील तर ते संमतिपत्रातही लिहावे. यंत्राचे पैसे आधी घेऊन चाचणी कधीच करू नये. लाखभर रुपये मोजून बसलेला माणूस यंत्र वाईट आहे असे सहसा स्वतःलाही सांगत नाही.

टप्पा ४ : दोन्ही यंत्रांचे फिटिंग एका पातळीवर आणा

सर्वाधिक चाचण्या इथेच बिघडतात, म्हणून हा टप्पा सविस्तर सांगतो. फर्स्ट फिट म्हणजे कंपनीने सरासरी कानासाठी केलेला अंदाज असतो, आणि तो बहुतेकदा वरच्या वारंवारतांना ठरलेल्या लक्ष्यापेक्षा कमी गेन देतो. दोन कंपन्यांचे अंदाज वेगळे असल्यामुळे दोन्ही यंत्रे फर्स्ट फिटवर ठेवून तुलना केली, तर ती गेनच्या दोन सूत्रांची तुलना ठरते. त्यावर उपाय एकच, प्रत्येक कानात रिअल इअर मेजरमेंट, म्हणजे कानाच्या पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो याची मोजणी.

१. ओटोस्कोपने कान पाहा. प्रोब ट्यूबच्या (मोजणीसाठी कानात घालायच्या बारीक नळीच्या) वाटेत मळ असेल तर आधी काढा.

२. प्रोब ट्यूब कॅलिब्रेट करा. ट्यूबवर खूण करून ती कानाच्या बाहेरच्या खाचेपासून स्त्रियांत साधारण २८ मिलिमीटर आणि पुरुषांत ३० ते ३१ मिलिमीटर आत जाईल अशी बसवा. ट्यूबचे टोक पडद्यापासून ५ मिलिमीटरच्या आत असायला हवे.

३. यंत्राविना कानाचा प्रतिसाद मोजा. ६००० हर्ट्झजवळ आलेख खाली कोसळत असेल तर ट्यूब पुरेशी आत गेलेली नाही. ती हळूच पुढे सरकवून पुन्हा मोजा.

४. ट्यूब न हलवता यंत्र बसवा. डोम आत सरकताना ट्यूबलाही ओढतो, म्हणून खूण पुन्हा पाहा.

५. उघडा डोम किंवा मोठे व्हेंट (हवा जाण्यासाठीचे छिद्र) असेल तर यंत्र म्यूट करून स्पीकरचे संदर्भ-मापन आधी साठवून घ्या. हे राहून गेले तर कानातून बाहेर गळणारा आवाज संदर्भ मायक्रोफोनला फसवतो, आणि प्रत्यक्षात मिळणाऱ्या गेनपेक्षा कमी गेन आलेखावर दिसतो.

६. बोलण्यासारखा आंतरराष्ट्रीय चाचणी-ध्वनी, म्हणजे आयएसटीएस, ६५ डेसिबलवर वाजवा. त्यानंतर ५० ते ५५ आणि ७५ ते ८० डेसिबलवर मोजा. एनएएल-एनएल२ किंवा डीएसएल या गेनचे लक्ष्य ठरवणाऱ्या सूत्रांपैकी एकच सूत्र दोन्ही यंत्रांसाठी घेऊन २५० ते ४००० हर्ट्झपर्यंत लक्ष्याच्या ५ डेसिबल आसपास या.

७. मोठ्या आवाजाची कमाल मर्यादा ८५ ते ९० डेसिबलच्या टोनने तपासा. रुग्णाने डोळे मिटले किंवा मान मागे घेतली तर मर्यादा खाली आणा.

८. हे सर्व तंत्र बंद ठेवून करा. मग तंत्र चालू करून ६५ डेसिबलवर पुन्हा मोजा. दोन आलेखांत शांततेतल्या बोलण्याचाच गेन बदललेला दिसला तर नंतर मिळणारा फायदा त्या बदलामुळे असू शकतो, म्हणून तो आधी समान करा.

डोमविषयी वेगळे सांगायला हवे. उघड्या डोममधून बाहेरचा गोंगाट थेट पडद्यापर्यंत पोहोचतो आणि यंत्राने आत कितीही सफाई केली तरी त्या थेट आवाजावर तिचा काही परिणाम होत नाही, विशेषतः खालच्या वारंवारतांना. म्हणून एका यंत्राला बंद डोम आणि दुसऱ्याला उघडा डोम ठेवून केलेल्या तुलनेत डोमच जिंकतो. ज्या रुग्णाला पुढे कायम उघडाच डोम लावायचा आहे, त्याच्यावर बंद डोममध्ये मिळालेला निकालही सांगू नये.

तपासून पाहा: दोन्ही यंत्रांचे ६५ डेसिबलचे आलेख एकावर एक ठेवा. ते नजरेला एकमेकांपासून दूर दिसत असतील तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

टप्पा ५ : तंत्र यंत्रात चालते आहे याची खात्री करा

सॉफ्टवेअरमध्ये 'चालू' दिसते म्हणून तंत्र चालू असतेच असे नाही. टेस्ट बॉक्समध्ये (यंत्र ठेवून त्याचा आवाज मोजण्याच्या पेटीत) स्थिर गोंगाट वाजवून काही सेकंदांनी आउटपुट किती डेसिबलने घटते ते पाहा, मग बोलण्याचा ध्वनी वाजवून तो घटत नाही ना, ते पाहा. दिशादर्शकतेसाठी पुढून आणि मागून येणाऱ्या आवाजाचा फरक मोजा. मागच्या मायक्रोफोनचे छिद्र बुजलेले असेल तर हा फरक शून्याजवळ येतो किंवा उलटाही होतो, आणि नव्या कोऱ्या यंत्रातही असे आढळते.

साधने असतील तर यंत्राच्या आउटपुटमधला एसएनआर हागरमान आणि ओलोफसन यांच्या पद्धतीने काढता येतो. बोलणे आणि गोंगाट एकत्र दोनदा ध्वनिमुद्रित करायचे, दुसऱ्या वेळी गोंगाटाची फेज उलटी (ध्वनिलहरीचे चढ-उतार उलटे) करायची, आणि दोन्हींची बेरीज व वजाबाकी करून बोलणे व गोंगाट वेगळे काढायचे. न्यूरल नेटवर्क दोन्ही वेळा तंतोतंत सारखे वागेलच असे नाही, म्हणून त्या बाबतीत हा आकडा अंदाज समजावा.

टप्पा ६ : खोली आणि आवाज मांडा

बोलणे समोरच्या स्पीकरमधून, सुमारे एक मीटरवरून यावे. गोंगाट मात्र एकट्या मागच्या स्पीकरमधून कधीही वाजवू नये. दिशादर्शक मायक्रोफोन नेमका मागचाच आवाज कापतो, त्यामुळे अशा मांडणीत कोणतेही यंत्र पहिल्या नंबरात पास होते. लग्नाच्या कार्यालयात, लोकलच्या डब्यात किंवा भाजी मंडईत गोंगाट सगळीकडून येतो. निदान चार स्पीकर बाजूंना आणि मागे ठेवावेत आणि प्रत्येकातून गोंगाटाच्या ध्वनिफितीचा वेगळा भाग वाजवावा. एकच फीत सगळ्या स्पीकरांतून एकाच क्षणी वाजवली तर खऱ्या गर्दीसारखी पसरट ध्वनिस्थिती तयार होत नाही.

गोंगाट कसला, हेही ठरवावे लागते. पंख्यासारखा स्थिर घरघराट कोणतेही गोंगाट-निवारण सहज कापते. माणसांच्या बडबडीत गोंगाट आणि बोलणे यांचे स्वरूप एकच असते, म्हणून खरी परीक्षा तिथे होते. बडबड चार किंवा अधिक माणसांची आणि शक्यतो मराठीतली असावी, आणि दोन्ही स्थितींत तीच असावी. एका स्थितीत मराठी आणि दुसऱ्या स्थितीत इंग्रजी बडबड वापरली तर रुग्णाचे कान आपल्या भाषेकडे ओढले जातात आणि गुण त्यामुळेच बदलतात.

रुग्ण खुर्चीवर बसण्यापूर्वी, त्याच्या डोक्याच्या जागी ध्वनिमापक ठेवून बोलण्याची आणि गोंगाटाची पातळी वेगवेगळी मोजावी. छताचा पंखा आणि एसी बंद करावेत. त्यांचा आवाज मोजणीत मिसळतोच, शिवाय पंख्याचा वारा मायक्रोफोनवर वाऱ्याचा आवाज निर्माण करतो आणि काही यंत्रे लगेच वाऱ्यासाठीच्या प्रोग्रॅममध्ये जातात.

सावधान: गोंगाट सुरू झाल्याझाल्या पहिले वाक्य वाजवू नका. यंत्राला परिस्थिती ओळखून तंत्र पूर्ण लागू करायला वेळ लागतो. गोंगाट निदान २० ते ३० सेकंद आधी सुरू करा आणि दोन याद्यांच्या मध्ये तो थांबवू नका.

टप्पा ७ : मोजणी

याद्या ध्वनिमुद्रितच हव्यात. ऑडिओलॉजिस्टने समोर बसून शब्द बोलले तर ओठ दिसतात, अवघड शब्दावर आवाज नकळत चढतो आणि आवडत्या यंत्राच्या वेळी तो जरा जास्तच चढतो. समान अवघडपणाच्या मराठी याद्या घ्याव्यात, आणि एका रुग्णाला एक यादी दुसऱ्यांदा ऐकवू नये. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या शिक्षणसंस्थांकडे मराठी साहित्याविषयी विचारणा करावी, घरी बसून स्वतः यादी बनवू नये.

गुण देण्यात मराठीच्या बोलींचा प्रश्न येतो. वऱ्हाडातला किंवा खानदेशातला रुग्ण 'डोळा' ऐकून 'डोया' म्हणेल, कुणी 'पाणी' ऐकून 'पानी' म्हणेल. ही ऐकण्यातली चूक नाही, उच्चाराची सवय आहे. मुख्य चाचणीपूर्वी शांततेत, आरामात ऐकू येईल अशा आवाजात दहा-बारा शब्द रुग्णाकडून म्हणवून घेऊन त्याची सवय टिपून ठेवावी आणि गुण देताना ती धरावी. गुण देणाऱ्याला त्या क्षणी कोणते तंत्र चालू आहे हे माहीत नसावे. प्रोग्रॅम बदलणारा माणूस वेगळा असावा.

क्रम निम्म्या रुग्णांत चालू-बंद-बंद-चालू आणि निम्म्यांत बंद-चालू-चालू-बंद असा ठेवावा आणि कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाने ठरवावे. नवे यंत्र नेहमी दुसऱ्या क्रमांकावर घेतले तर सरावाचा सारा फायदा त्याच्याच खात्यात जमा होतो. मोजणीआधी एक यादी केवळ सरावासाठी खर्च करावी. वयस्कर रुग्णाला अर्ध्या तासाने विश्रांती द्यावी, आणि सकाळी एक स्थिती व दुपारी दुसरी असे करू नये.

गोंगाटाची पातळी अवास्तव ठेवू नये. रोजच्या संभाषणात एसएनआर बहुतेकदा शून्याच्या वरच असतो, कारण त्याहून वाईट जागी माणसे बोलायचे थांबतात किंवा बाहेर जातात. रुग्णाच्या उत्तरांनुसार एसएनआर आपोआप बदलणाऱ्या चाचणीत रुग्ण उणे ६ डेसिबलवर उतरला आणि तिथे तंत्राने फायदा दाखवला, तर तो फायदा त्याच्या जेवणाच्या टेबलावर मिळेलच असे नाही. म्हणून बदलत्या चाचणीच्या जोडीला ० आणि अधिक ५ अशा ठरावीक पातळ्यांवरही गुण घ्यावेत. कुठल्याही पातळीवर दोन्ही स्थितींत ९५ टक्क्यांवर गुण येत असतील तर ती पातळी सोपी आहे, तिथे फरक दिसणारच नाही.

तपासून पाहा: एकाच रुग्णाचे दोन गुण किती वेगळे असले म्हणजे फरक खरा मानायचा? गुण ५० टक्क्यांच्या आसपास असताना ५० शब्दांच्या यादीत सुमारे २० टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगाने येऊ शकतो, आणि २५ शब्दांच्या यादीत सुमारे २८ टक्क्यांपर्यंतचा. "आधी ५२, आता ६४, म्हणजे यंत्राने १२ टक्के सुधारणा" हे वाक्य २५ शब्दांच्या जोरावर लिहिता येत नाही.

टप्पा ८ : घरचा वापर

खोलीतला निकाल अर्धाच असतो. प्रत्येक स्थिती घरी चार ते सहा आठवडे वापरायला द्यावी, मग अदलाबदल करावी. बाहेरून दोन्ही यंत्रे सारखीच दिसावीत आणि रुग्णाला त्यांची नावे 'क' आणि 'ख' अशीच कळावीत. हे कर्मकांड वाटत असेल तर मँचेस्टर विद्यापीठातील पिअर्स डॉस आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा प्रयोग पाहावा. ध्वनीच्या दृष्टीने एकसारख्याच यंत्रांपैकी एकाला 'नवे' आणि दुसऱ्याला 'नेहमीचे' म्हटले, एवढ्यानेच 'नव्या'ला पसंती मिळाली आणि गोंगाटातल्या शब्दचाचणीतही त्याचे गुण अधिक आले. म्हणजे अपेक्षेचा परिणाम मतावर होतो तसाच मोजलेल्या गुणांवरही होतो. यंत्राच्या मोबाइल ॲपमध्ये मॉडेलचे नाव दिसते, त्यामुळे चाचणीच्या काळात रुग्णाच्या फोनमध्ये ते ॲप घालू नये.

प्रश्नावल्या दोनच ठेवाव्यात. कोसी पद्धतीत रुग्ण स्वतः पाचपर्यंत प्रसंग सांगतो. ते जितके नेमके तितके चांगले: "लोकांत ऐकू यावे" असे न लिहिता "स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा चालू असताना सून पाठमोरी बोलते ते कळावे" असे लिहावे. दुसरी आयओआय-एचए, सात प्रश्नांची, वापराचे तास, फायदा, उरलेल्या अडचणी, समाधान आणि घरच्यांवर होणारा परिणाम विचारणारी. मराठी रूपांतर रीतसर उलट-भाषांतर करून तपासलेले असावे, आयत्या वेळी तोंडी केलेले भाषांतर प्रत्येक रुग्णागणिक बदलते. रुग्णाला वाचता येत नसेल तर प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती फिटिंग करणाऱ्यापेक्षा वेगळी असावी, आणि शेजारी बसलेल्या मुलीने "हो हो, आता चांगलं ऐकतात बाबा" असे मध्येच उत्तर दिले तर ते उत्तर बाबांचे म्हणून नोंदवू नये. घरच्यांचे मत मोलाचे आहे, त्यासाठी वेगळा कागद ठेवावा.

यंत्रातले डेटा लॉगिंग (वापराची आपोआप होणारी नोंद) प्रत्येक भेटीला काढावे. रुग्ण "दिवसभर लावतो" म्हणतो तेव्हा नोंद तीन तासांची निघते, असे होते. गोंगाटाच्या परिस्थितीत एकूण किती वेळ गेला हेही पाहावे. निवृत्त, एकटा राहणारा रुग्ण महिनाभरात एक तासही गोंगाटात नसेल, तर गोंगाट-निवारणाविषयीच्या त्याच्या मताला आधार नाही. बॅटरी किती तास टिकली ते लिहावे, कारण न्यूरल नेटवर्क सतत चालवले तर चार्जिंग लवकर संपते आणि संध्याकाळी बंद पडलेल्या यंत्राचा रुग्णाला उपयोग नसतो.

टप्पा ९ : आकड्यांचा अर्थ लावा

विश्लेषण आधी लिहून ठेवलेल्या मुख्य मोजमापावरच करावे. सरासरी फरकासोबत ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ती मर्यादा) द्यावी. सांख्यिकीय फरक आणि रुग्णाला जाणवणारा फरक वेगळे धरावेत. प्रयोगांत असे आढळले आहे की दोन ध्वनींमधला एसएनआरचा फरक माणसांना खात्रीने ओळखता येण्यासाठी तो साधारण ३ डेसिबल लागतो. दुसरीकडे, वाक्यचाचणीत निम्म्या गुणांच्या आसपास १ डेसिबलच्या सुधारणेने शब्दांचे गुण दहाएक टक्क्यांनी वाढू शकतात. म्हणून १.५ डेसिबलचा फायदा मिळाला तर "रुग्णाला जाणवेल" असेही लिहू नये आणि "निरुपयोगी" असेही लिहू नये. कोसीतल्या प्रसंगांत त्याचे काय झाले ते शेजारी मांडावे.

प्रत्येक रुग्णाचा वेगळा आलेख काढावा. चाळीसांपैकी बाराजणांना ४ डेसिबलचा फायदा आणि बाकीच्यांना शून्य, हे चित्र सरासरीच्या १.२ डेसिबलमध्ये हरवते. मात्र असा उपगट आकडे पाहिल्यावर सापडला असेल, तर तो पुढच्या चाचणीचा प्रश्न म्हणून लिहावा, या चाचणीचा निष्कर्ष म्हणून लिहू नये.

एकाच रुग्णासाठी यंत्र निवडायचे असेल, तर टप्पा ४ ते ८ तसेच ठेवून, फक्त क्रम आणि घरच्या वापराचा काळ बदलून, त्याच्यावर चालू-बंद-चालू-बंद असा क्रम दोन-दोन आठवड्यांचा लावावा आणि चारही वेळा तीच कोसीची यादी भरून घ्यावी. दोन्ही 'चालू' काळ दोन्ही 'बंद' काळांपेक्षा वरचढ ठरले, तरच जास्तीचे पैसे खर्च करण्याचा सल्ला द्यावा.

टप्पा १० : अहवाल

यंत्राचे मॉडेल, श्रेणी आणि फर्मवेअरची (यंत्रातल्या अंगभूत सॉफ्टवेअरची) आवृत्ती लिहावी. चाचणी चालू असताना फर्मवेअर अद्ययावत केले तर आधीचे आणि नंतरचे रुग्ण एकत्र मोजता येत नाहीत, म्हणून सुरुवातीलाच ते अद्ययावत करून पुढे थांबवावे. डोमचा प्रकार, फिटिंगचे सूत्र, लक्ष्यापासूनचे अंतर, स्पीकरांची मांडणी, गोंगाटाचा प्रकार, एसएनआर, यादीतली शब्दसंख्या, ब्लाइंडिंग (कोणते तंत्र चालू आहे हे कळू न देणे) कोणाकोणाचे होते आणि यंत्रे कोणी दिली, हे सर्व पहिल्या पानावर यावे. मध्येच सोडून गेलेल्यांची संख्या आणि कारणे द्यावीत. कान दुखला, शिट्टी वाजत राहिली, फोन जोडता आला नाही, ही कारणे नव्या तंत्राच्या हिशेबातलीच आहेत. फरक आढळला नाही तरीही अहवाल त्याच तपशिलात लिहून रजिस्ट्रीतली नोंद पूर्ण करावी.